रोझ जॉइंटचा गिअर रॉड: ढिलाई जाते, वजन जात नाही

मोटरसायकलचा गिअर लिव्हर आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांना जोडणारा हा रॉड; टोकांना रोझ जॉइंट, म्हणजे कडीत घट्ट बसलेला फिरता गोळा. जुन्या बॉल जॉइंटचा प्ले, म्हणजे ढिलाई, या रॉडने खरोखर जातो. गिअर पडल्याची टिचकी पायाला स्पष्ट कळते, फसवा न्यूट्रलही (दोन गिअरच्या मध्येच अडकणं) कमी लागतो. पण रॉड बदलल्याने गिअर हलका होईल ही अपेक्षा चुकीची. हलकेपणा ठरतो तो शाफ्टवरच्या आर्मच्या (रॉड जिला जोडतो त्या पट्टीच्या) लांबीवर. दोन भोकं असतील तर बाहेरच्या भोकात रॉड जोडल्यावर जोर कमी लागतो, पण लिव्हर जास्त हलवावा लागतो. आतल्या भोकात नेमकं उलटं.

बसवताना आर्म काढण्याआधी स्प्लाइनवर (शाफ्टच्या दात्यांवर) खूण करा. रॉड आणि आर्ममध्ये ९० अंशांच्या जवळपास कोन हवा, नाहीतर वर टाकताना एक वजन आणि खाली टाकताना दुसरंच. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे आहेत, त्यामुळे चेकनट (रॉड जागी पक्का धरणारा नट) सैल करून रॉड फिरवला की लिव्हरची उंची बदलते. ६ मिमीचे आटे दोन्ही टोकांना किमान ९ मिमी आत राहिलेच पाहिजेत. कमी राहिले तर ते सोलून निघतात.

मोठी उणीव म्हणजे जॉइंटवर रबरी टोपी नाही. धूळ-चिखलात प्ले लवकर परत येईल.

क्लच पूर्ण सुटत नसेल तर आधी तो बघा. त्याचा जडपणा कुठल्याच रॉडने जाणार नाही.