इन्सुलिन पंप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टाइप वन मधुमेह मला १९ वर्षांपासून आहे. गेल्या नोव्हेंबरात पेनच्या रोजच्या चार-पाच टोचण्या सोडून मी पंप लावला, तेव्हा घरच्यांची समजूत अशी झाली की आता सगळे यंत्रच पाहील. सासूबाई तर अजूनही म्हणतात, "अगं, मशीन आहे ना कमरेला, घे की एक जिलबी." वस्तुस्थिती अशी आहे की टोचणे कमी झाले आणि हिशेब वाढला. माझा पंप जलद काम करणारे इन्सुलिन दिवसभर थोडेथोडे सोडत राहतो, ज्याला बेसल म्हणतात. जेवणासाठीचा एकदम द्यायचा डोस, म्हणजे बोलस, मात्र ताटातले कार्ब्स मोजून मलाच द्यावा लागतो.

इंदुरात हे मोजणे अवघडच आहे. घरचे पोहे वाटीने मोजता येतात, पण ठेल्यावरच्या पोह्यांत साखर किती पडली आहे आणि शेवेखाली पोहे नेमके किती आहेत, याचा अंदाजच बांधावा लागतो. दाल-बाफल्यांनी (डाळीबरोबर खायचे, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) मला सर्वांत जास्त शिकवले. पहिल्यांदा मी जेवणाआधी पूर्ण बोलस दिला. दोन तासांनी शुगर घसरून ६४ होती आणि पाच तासांनी चढून २६०. बाफल्यातले तूप पचन लांबवते, इन्सुलिन मात्र आपले काम आधीच आटोपून बसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आता मी अर्धा बोलस लगेच आणि अर्धा तीन तासांत विभागून देते. ही सोय पेनमध्ये नव्हती, आणि केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी पंप ठेवेन.

सर्वांत वाईट रात्र जानेवारीतली. झोपण्यापूर्वी नवा सेट (पंपातून शरीरात इन्सुलिन नेणारी नळी) लावला आणि पहाटे दोन वाजता तहानेने जाग आली तेव्हा शुगर ३४० होती. पंपाने कोणताही अलार्म दिला नव्हता, म्हणून मी त्यातूनच करेक्शन, म्हणजे शुगर उतरवण्यासाठीचा जादा डोस, दिले. तासाभराने आकडा आणखी वर. सेट काढला तर कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली जाणारी बारीक नळी, टोकाशी दुमडलेली होती, म्हणजे इन्सुलिन आत जातच नव्हते. पंपावर असताना शरीरात लांब पल्ल्याचे इन्सुलिन नसते, त्यामुळे पुरवठा तुटल्यावर काही तासांतच कीटोन (इन्सुलिनअभावी रक्तात साठणारी घातक आम्ले) वाढू लागतात, आणि माझ्या पट्टीवर ते दिसलेही. पेनने डोस घेतला, सेट बदलला आणि उजाडेपर्यंत पाणी पीत जागी राहिले. तेव्हापासून मी सेट सकाळीच बदलते, आणि २५० च्या वरचा आकडा करेक्शनने उतरला नाही तर पंपावर विसंबत नाही.

रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहायला गेले तेव्हा पंप काढून घरी ठेवला आणि तासाभरात परत आले; मैत्रिणींना ते फारच हिशेबी वाटले.

खर्चाचे सांगायचे तर पंपाची किंमत एकदाच द्यावी लागते, पण सेट दर तीन दिवसांनी बदलायचा असल्याने महिन्याला दहा लागतात, आणि एकदा विक्रेत्याकडून ते नऊ दिवस उशिरा आल्यामुळे मला पुन्हा पेनवर जावे लागले.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. पंपातले इन्सुलिन ३७ अंशांपेक्षा तापू नये, आणि मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी स्कूटरवरून निघताना पंप मी कपड्यांच्या आत घेते. राखीव पेन डिक्कीत ठेवण्याची जुनी सवय मोडली असून ते आता ओल्या रुमालात गुंडाळलेल्या डबीत, पर्समध्ये असते.