शिक्का होता, हेडफोनचे नाव नव्हते

श्रवण-संशोधनासाठी कमी पैशांत ऑडिओ इंटरफेस (संगणकातला ध्वनी हेडफोनपर्यंत आणि बाहेरचा ध्वनी संगणकात नेणारे यंत्र) शोधणाऱ्यांना आमच्यासारखी ठेच लागू नये, म्हणून हा प्रसंग लिहीत आहे. शुद्ध स्वर ऐकवून श्रवण-उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारी सर्वांत मंद पातळी, मोजण्याचा आमचा प्रयोग होता आणि हाती असलेल्या तुटपुंज्या अनुदानात नामांकित बनावटीचे नवे यंत्र बसत नव्हते. अशा वेळी एका विक्रेत्याने 'न वापरलेले, प्रयोगशाळेसाठी कॅलिब्रेट केलेले' (म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून पाहिलेले) यंत्र जवळजवळ निम्म्या किमतीत देऊ केले. खोक्यावर 24 बिट (ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याची बारकाई), 192 किलोहर्ट्झ (नमुना-दर, म्हणजे सेकंदाला किती नमुने), 120 डेसिबल (सर्वांत मोठा ध्वनी आणि यंत्राचा गोंगाट यांतले अंतर) असे आकडे छापलेले होते आणि सोबत शिक्का मारलेले प्रमाणपत्रही होते. त्या शिक्क्याला आम्ही भुललो, हे कबूल करायला हवे.

खरे तर संशय तिथेच यायला हवा होता. कानापर्यंत किती डेसिबल ध्वनी पोहोचतो हे एकट्या इंटरफेसवर ठरत नाही. तेवढाच विद्युतदाब दुसऱ्या हेडफोनला दिला की पातळी बदलते. त्यामुळे कॅलिब्रेशन करायचे ते इंटरफेसपासून हेडफोनपर्यंतच्या सबंध साखळीचे, तेही कपलर (कानाच्या जागी हेडफोनला लावायची मोजमापाची पोकळी) आणि ध्वनिपातळीमापक लावून. आमच्या प्रमाणपत्रात ना हेडफोनचे नाव होते, ना कपलरचा उल्लेख, ना आवाजाचे बटण कोणत्या खुणेवर ठेवले होते याची नोंद. शिक्का मात्र चांगला ठळक होता.

तीन आठवडे आम्ही मोजमापे घेत राहिलो. उत्तम ऐकू येणाऱ्या तरुण सहभागींचे उंबरठेही एका ठरावीक पातळीच्या खाली उतरेनात, तेव्हा आम्ही खोलीला दोष दिला आणि दाराच्या फटी बुजवल्या. शेवटी एका मुलीने हेडफोन जरा बाजूला सारून विचारले, "हा सारखा बारीक शूंऽऽ आवाज येतोय, त्यालाही बटण दाबायचं का?" स्वर अजून सुरूच झालेला नव्हता. यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाखाली मंद स्वर झाकले जात होते आणि आम्ही मोजत होतो तो कानाचा नव्हे, तर यंत्राचा उंबरठा होता.

मग तपासणीला बसलो. एका विश्वासू रेकॉर्डरवर यंत्राचा आउटपुट घेतला आणि 1 किलोहर्ट्झचा स्वर टप्प्याटप्प्याने कमी करत नेला. पूर्ण पातळीपेक्षा 90 डेसिबल खाली तो खरखरीत झाला आणि 100 डेसिबल खाली स्पेक्ट्रममधून साफ नाहीसा झाला; खऱ्या 24 बिटमध्ये तो गोंगाटातही शिखरासारखा दिसायला हवा होता. नंतर इनपुटवरून ध्वनिमुद्रण करून 24 बिटचे कच्चे आकडे उघडले, तर प्रत्येक आकड्याला 256 ने पूर्ण भाग जात होता, म्हणजे खालचे आठ बिट नुसती शून्ये होती. नमुना-दराच्या निम्म्यापर्यंतचेच स्वर यंत्रातून जाऊ शकतात, म्हणून 96 किलोहर्ट्झच्या नमुना-दरावर 30 किलोहर्ट्झचा स्वर पाठवला, तो बाहेर आलाच नाही. आत 16 बिट आणि 48 किलोहर्ट्झचे साधे सर्किट होते; बाकीची करामत ड्रायव्हरची, म्हणजे यंत्र संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची.

विक्रेत्याने आधी केबलला दोष दिला, मग संगणकाला आणि अखेरीस "तुमच्या कामाला 16 बिट पुरेत" असे सांगून बदलीची मुदत संपल्याची आठवण करून दिली. अकरा जणांची मोजमापे रद्द करावी लागली आणि त्यांतले चौघे पुन्हा आले नाहीत.

दुसऱ्या खेपेस आम्ही वापरलेले, खोक्यावर कमी आकडे असलेले यंत्र घेतले. पण याच तपासण्या विक्रेत्यासमोर करून मगच पैसे दिले. यंत्र आणि हेडफोन यांच्यामध्ये एक साधा रोधकांचा ॲटेन्युएटर (संकेत ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड) जोडला, कारण तो स्वराबरोबर यंत्राचा गोंगाटही तेवढाच खाली आणतो. साखळी कपलरवर मोजून झाल्यावर आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि तारीख व हेडफोनचा क्रमांक तिच्यावरच लिहून ठेवला.