थंडीत चेक इंजिनचा दिवा: स्वतःचा स्कॅनर, ओळखीचा मेस्त्री की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर ही तुलना नंतर वाचा, आधी गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग कामातून जातो. इथे बोलायचंय ते थंडीत पहाटे लागणाऱ्या आणि काही दिवसांनी आपोआप विझणाऱ्या स्थिर पिवळ्या दिव्याबद्दल.

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटीकडे डिसेंबर-जानेवारीत हे हमखास ऐकू येतं. अडचण अशी की दोष दिसतो तो इंजिन गार असताना, पहिल्या काही मिनिटांत. बेळगावच्या उद्यमबागेतली गॅरेजं उघडून तुमचा नंबर लागेपर्यंत इंजिन तापलेलं असतं आणि मेस्त्री म्हणतो, ‘गाडी तर बरी चाललीय की!’

म्हणून माझं मत सरळ आहे: आधी स्वतःचा स्कॅनर. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथवाला साधा स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो. (आयफोन असेल तर त्यावर चालतो का, हे विचारूनच घ्या.) रात्रभर उभ्या गाडीची चावी फक्त ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि दोन आकडे बघा: कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळपास सारखे हवेत, हवा १४ तर कूलंट १५. कूलंट ४० दाखवत असेल तर त्याच्या सेन्सरवर संशय घ्या. उणे ४० दाखवत असेल तर बहुधा वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. मग हायवेला गाडी काढा. कूलंटचं तापमान ८५-९० च्या आसपास स्थिरावायला हवं. ६५-७० वरच रेंगाळलं तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, बहुधा उघडा अडकलाय; स्कॅनरवर दोषाचा कोड येतो पी०१२८. उन्हाळ्यात हाच थर्मोस्टॅट लपून जातो, कारण बाहेरची हवाच गरम असते.

दिवा विझला म्हणजे पुरावा गेला, असं समजून घाबरू नका. सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की तो विझतो, पण कोड मेमरीत बराच काळ राहतो. त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ असते, म्हणजे दोष आला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होते, याची नोंद. तिचा फोटो काढून ठेवा.

स्कॅनर लक्षण सांगतो, सुटा भाग नाही. पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावू नका. गारठ्यात कडक झालेला रबरी पाइप हवा ओढत असेल, तापल्यावर तोच पाइप घट्ट बसतो. हे शोधायला मेस्त्रीच लागतो. तो वायरी हलवून बघेल, प्लग-कॉइल अदलाबदल करून बघेल, स्टार्टर मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जाते का तपासेल. डिझेलवाल्यांचे ग्लो प्लगही (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तोच बघेल. गाडी आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे ठेवा, सकाळची पहिली चावी त्यालाच मारू द्या. ‘रिसेट करून देतो’ म्हणाला तर थांबवा, त्याने फ्रीझ फ्रेम पुसली जाते. आणि ‘थंडीमुळं होतंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्याकडची थंडी काही बर्फाची नाही. १२ अंशांत जो भाग कुरकुरतो, तो आधीच थकलेला असतो.

सर्व्हिस सेंटरची पायरी दोनच वेळा आधी चढावी: गाडी वॉरंटीत असेल तेव्हा, किंवा इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं असेल तेव्हा. वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला बाहेर हात लावू देऊ नका, पुढे क्लेमला तेच कारण पुढे येतं. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं, तिकडे गेलात तरी हरकत नाही. फक्त जॉब कार्डवर ‘दिवा लागतो’ एवढंच लिहू देऊ नका. कोड, सकाळची वेळ आणि कूलंटचं तापमान लिहून घ्या, आणि गाडी रात्रभर ठेवायला सांगा.