रिसेप्शनच्या फोनला जादा बटणं: कागदी पट्टीचं मॉड्यूल, स्क्रीनचं, की कॉम्प्युटरवरचा कन्सोल?

रिसेप्शनच्या फोनशेजारी जोडायचं जादा बटणांचं मॉड्यूल घ्यायचं म्हटलं की चर्चा लगेच ‘चाळीसचं की साठचं’ इथे येऊन थांबते. बटणं मोजण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. या बटणांवरून फक्त नंबर लावायचे आहेत, की त्यांचे दिवे कोणी दिवसभर बघणार आहे? नंबर लावायला मॉड्यूल लागत नाही. फोनबुकमध्ये नावाची दोन-तीन अक्षरं टाकली की काम होतं. मॉड्यूलचे पैसे जातात ते दिव्यांसाठी. कोण मोकळं आहे, कोण बोलतंय, कोणाचा फोन वाजतोय आणि उचलला जात नाही, हे कॉल पुढे पाठवण्याआधी नजरेनं कळावं म्हणून. या सोयीला बीएलएफ म्हणतात. ती कोणी वापरणार नसेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, आहे तो फोन पुरेसा आहे.

दिवे हवे असतील तरी आधी हातातला फोन नीट बघा. यालिंक कंपनीच्या टी५४डब्ल्यू फोनला स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना मिळून १० बटणं असतात आणि पानं उलटत गेलं तर त्यांच्यावर २७ जागा बसतात. दहा-बारा माणसांच्या ऑफिसला एवढ्यात भागतं. मात्र त्यातली एक-दोन जागा फोनच्या स्वतःच्या लाइनसाठी जाते, हे धरून हिशोब करा.

तीन जाती

कागदी पट्टीच्या मॉड्यूलमध्ये बटण, शेजारी दिवा आणि पारदर्शक झाकणाखाली छापील नावांची पट्टी, एवढंच असतं. दुसऱ्या जातीत प्रत्येक बटणासमोर छोट्या स्क्रीनवर नाव उमटतं आणि पान बदलून त्याच बटणांवर दुसरी नावं आणता येतात. तिसरी जात म्हणजे हीच स्क्रीन मोठी आणि रंगीत, बहुतेक यूएसबीनं जोडायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीत वापरणाऱ्याला जाणवणारा फरक विक्रेते सांगतात तितका मोठा नाही. पहिल्या आणि दुसऱ्यात तो खूप आहे.

| मॉड्यूल | समोर दिसणारी बटणं | पानं | एकूण जागा | एका फोनला साखळीनं जोडता येणारी जास्तीत जास्त मॉड्यूल |
|---|---|---|---|---|
| पॉलिकॉम व्हीव्हीएक्स, कागदी | ४० | १ | ४० | ३ |
| पॉलिकॉम व्हीव्हीएक्स, रंगीत | २८ | ३ | ८४ | ३ |
| यालिंक ईएक्सपी४० | २० | २ | ४० | ६ |
| यालिंक ईएक्सपी५०, रंगीत | २० | ३ | ६० | ३ |
| ग्रँडस्ट्रीम जीएक्सपी२२००ईएक्सटी | २० | २ | ४० | ४ |

या तक्त्यात बघायचा रकाना दुसरा, चौथा नव्हे. खोक्यावर छापलेला आकडा चौथ्या रकान्यातला असतो. ‘४० बटणं’ म्हणून घेतलेल्या ईएक्सपी४० वर एका वेळी २० दिवे दिसतात, उरलेले २० मागच्या पानावर असतात. काही मॉड्यूलांत मागच्या पानावर हालचाल झाली की पान बदलायचं बटण उजळतं, पण ती कोणाची हे पान उलटल्याशिवाय कळत नाही. हातात कॉल धरून पान उलटायचं, नाव शोधायचं, मग दाबायचं, हे रिसेप्शनवर कोणी आठवडाभराच्या वर करत नाही. म्हणून पस्तीस एक्स्टेन्शनवर (ऑफिसातल्या आतल्या नंबरांवर) नजर ठेवायची असेल तर दोन पानांचं एक मॉड्यूल घेण्यापेक्षा दोन मॉड्यूल शेजारी लावून दोन्हींचं पहिलंच पान वापरणं चांगलं. दुसऱ्या पानावर क्वचित लागणारे नंबर ठेवावेत: शाखा, पुरवठादार, सुरक्षारक्षक. त्यांच्या दिव्याशी कोणाला कर्तव्य नसतं.

कागदी मॉड्यूल जुनाट दिसतं म्हणून ते आधीच बाजूला पडतं, आणि हा अन्याय आहे. चाळीसच्या चाळीस दिवे सतत समोर राहतात, कोणतं बटण कुठे हे बोटांना पाठ होतं, आणि वीजही कमी लागते. त्याची अडचण एकच: माणसं बदलली की पट्टी नव्यानं छापायची. ती छापायची राहिली की कोणीतरी पेननं खोडून वर नवीन नाव लिहितं, आणि वर्षभरात अर्धी पट्टी वाचता येत नाही. जिथे माणसं वारंवार बदलतात तिथे स्क्रीनचं मॉड्यूल घ्या. जिथे बटणं माणसांची नसून जागांची आहेत (स्टोअर, लेखा विभाग, खोली क्रमांक) तिथे कागदी मॉड्यूल वर्षानुवर्षं चालतं.

नावं देवनागरीत हवी असतील तर स्क्रीनच्या मॉड्यूलची आधी चाचणी घ्या. एका बटणावर जोडाक्षर आणि वेलांटी असलेलं नाव टाकून पाहा. चौकोन दिसले किंवा मात्रा सुटून पडल्या तर त्या फोनमध्ये हा फॉन्ट नाही, आणि तो वरून घालायची सोय सहसा नसते. कागदावर हा प्रश्नच येत नाही.

कॉम्प्युटरवरचा कन्सोल

साठाच्या वर एक्स्टेन्शन झाली की कोणतंही मॉड्यूल तोकडं पडतं. तिथे कॉम्प्युटरवर चालणारा अटेंडंट कन्सोल जिंकतो. नाव टाइप करून शोधता येतं, विभागवार यादी लावता येते, कोण किती वेळ बोलतंय तेही दिसतं. पण त्याच कॉम्प्युटरवर मेल, व्हिजिटर नोंद आणि बिलाचं काम चालत असेल तर कन्सोलची खिडकी दिवसभर मागे दबलेली राहते. कन्सोल घ्यायचा तर दुसरा मॉनिटर त्याच खर्चात धरा. लायसन्स दर वर्षाचं की एकदाचं, हेही विचारून घ्या.

डिजिटल ईपीबीएक्स असेल तर

पॅनासॉनिकच्या डिजिटल ईपीबीएक्सवर (ऑफिसच्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजवर) ४८ बटणांचा केएक्स-डीटी५९० सारखा डीएसएस कन्सोल, म्हणजे एक्स्टेन्शनच्या बटणांचा वेगळा खोका, चालतो. हा फोनला जोडायचा नसतो. त्याला ईपीबीएक्समधला स्वतंत्र डिजिटल एक्स्टेन्शन पोर्ट लागतो, आणि हा कन्सोल कोणत्या फोनचा जोडीदार आहे हे प्रोग्रॅमिंगमध्ये सांगावं लागतं. कार्डावर मोकळा पोर्ट नसेल तर कन्सोलबरोबर नवीन कार्डाचा खर्च येतो. कोटेशनमध्ये ही ओळ बऱ्याचदा नसते. त्याच कंपनीचं केएक्स-एनटी५०५ मात्र आयपी फोनला थेट जोडायचं ४८ बटणांचं मॉड्यूल आहे. दोन्ही ४८ बटणांचे असल्यानं गल्लत होते, म्हणून ऑर्डर देताना पूर्ण मॉडेल नंबर लिहून द्या.

जुळतं की नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. एका कंपनीचं मॉड्यूल दुसऱ्या कंपनीच्या फोनला चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकाच कंपनीच्या दोन फोनांत ते बदलतं, हे नसतं. यालिंकच्या टी४६एस ला ईएक्सपी४० लागतं आणि ते सहा तारांच्या आरजे१२ केबलनं फोनच्या मागच्या ईएक्सटी पोर्टवर बसतं. टी४६यू ला मात्र ईएक्सपी४३ लागतं, आणि ते यूएसबीनं जोडायचं. नंबर तोच, शेवटचं अक्षर वेगळं, मॉड्यूल वेगळं. टी५४डब्ल्यू ला ईएक्सपी५०. सिस्कोच्या ८८०० मालिकेत ८८४१ ला मॉड्यूल जोडताच येत नाही, ८८५१ ला दोनपर्यंत आणि ८८६१ ला तीनपर्यंत जोडता येतात. फोनच्या मागचं लेबल वाचा. स्क्रीनवर दिसणारं किंवा कोणीतरी तोंडी सांगितलेलं नाव धरून चालू नका.

वीज

फोन पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, चालत असेल तर मॉड्यूलची वीजही सहसा त्याच केबलमधून येते. पीओईच्या ८०२.३एएफ मानकाचा पोर्ट १५.४ वॅट देतो. केबलमधला तोटा वजा जाता फोनला १२.९५ वॅट मिळतात. पुढच्या ८०२.३एटी मानकामध्ये हे आकडे ३० आणि २५.५ आहेत. एका मॉड्यूलला एएफ बहुधा पुरतं. मोठ्या रंगीत स्क्रीनचा फोन आणि त्याला दोन-तीन मॉड्यूल असतील तर एटी स्विच किंवा वेगळा अॅडॉप्टर लागतो, आणि किती मॉड्यूलनंतर लागतो हे त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. वीज कमी पडल्याची खूण ओळखायला सोपी आहे: मॉड्यूलची स्क्रीन उजळते आणि विझते, किंवा शेवटचं मॉड्यूल जोडलं की फोन पुन्हा पुन्हा सुरू होतो. अॅडॉप्टर लावताना व्होल्ट तपासा. यालिंकचे ५ व्होल्टचे असतात, इतर काही कंपन्यांचे ४८ व्होल्टचे, आणि पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं नसतं.

बसवताना

फोनचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आधी ताजं करून घ्या, मॉड्यूल नंतर जोडा. नव्या मॉड्यूलला जुनं फर्मवेअर ओळखत नाही, आणि मग दोष केबलचा की मॉड्यूलचा यात अर्धा दिवस जातो. मग फोनची वीज काढा. मागच्या ईएक्सटी किंवा यूएसबी पोर्टवरचं रबरी बूच काढा, जोडपट्टी दोन्हींच्या पाठीवर स्क्रूनं बसवा आणि मॉड्यूलचा स्टँड फोनच्या स्टँडइतक्याच कोनात लावा. कोन वेगळा राहिला तर बटण दाबताना सगळा भार जोडपट्टीवर येतो. केबल खाचेतून ओढून आत बसवा. आरजे१२ ची पिन लॅनच्या पोर्टमध्येही सैलसर शिरते, त्यामुळे अंधाऱ्या टेबलाखाली हाताच्या अंदाजानं जोडू नका. एकापेक्षा जास्त मॉड्यूल असतील तर पहिल्याच्या ‘आउट’ मधून दुसऱ्याच्या ‘इन’ मध्ये. वीज दिल्यावर फोन मॉड्यूलचं फर्मवेअर स्वतःच बदलायला घेऊ शकतो. ते चालू असताना केबल ओढली तर मॉड्यूल कायमचं बंद पडण्याचा धोका असतो.

बटणं भरायची ती फोनच्या वेब पानावरून, फोनच्या स्क्रीनवरून नव्हे. प्रत्येक बटणाला चार गोष्टी लागतात: प्रकार, एक्स्टेन्शन, दिसणारं नाव आणि कोणत्या लाइनवरून. नाव आखूड ठेवा, लांब नाव स्क्रीनवर कापलं जातं. एकसारखे अनेक फोन असतील तर कॉन्फिग फाइल (सगळी सेटिंग्ज लिहिलेली फाइल) वापरा. यालिंकमध्ये बीएलएफचा प्रकार १६ आणि स्पीड डायलचा १३ लिहायचा असतो. हे दोन उलटसुलट झाले की नंबर बरोबर लागतो, पण दिवा कधीच पेटत नाही.

आणखी एक सेटिंग न बघता राहतं. कॉल चालू असताना बीएलएफ बटण दाबलं तर काय व्हावं? कॉल थेट तिकडे जावा, आधी विचारून मग जावा, की नुसता नवीन कॉल लागावा? हे फोनमध्ये ठरवता येतं. रिसेप्शनवरच्या माणसाला विचारूनच ठरवा, कारण थेट पाठवायचं ठेवलं आणि त्यांना विचारून पाठवायची सवय असेल तर पहिल्याच दिवशी साहेबांच्या कानावर नको ते कॉल जातील.

दिवे न लागण्याची कारणं

इथे मॉड्यूलचा दोष क्वचितच असतो. यालिंकमध्ये नेहमीच्या सेटिंगला मोकळ्या एक्स्टेन्शनचा दिवा हिरवा, बोलणाऱ्याचा लाल, आणि वाजणाऱ्याचा लाल लुकलुकता. दिवा पूर्ण बंद असेल तर फोनला सर्व्हरकडून स्थितीच मिळत नाहीये. अॅस्टेरिस्क या फोन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर त्या एक्स्टेन्शनचा ‘हिंट’ (त्याची स्थिती कळवणारी ओळ) लिहिलेला नसेल तर असंच होतं. दिवे येतात, पण लुकलुकतं बटण दाबून कॉल उचलता येत नाही, तेव्हा पिकअप कोड (दुसऱ्याचा वाजणारा कॉल आपल्या फोनवर घ्यायचा कोड) भरलेला नसतो, किंवा दोन एक्स्टेन्शन एका पिकअप ग्रुपमध्ये नसतात.

फोन चालू झाला की मॉड्यूलचं प्रत्येक बटण सर्व्हरला स्वतंत्र विनंती पाठवतं. साठ बटणांचे दहा फोन वीज जाऊन एकदम परत आले तर सहाशे विनंत्या काही सेकंदांत येतात. सर्व्हरची सुरक्षा त्याला हल्ला समजून त्या आयपी पत्त्यांना अडवू शकते, आणि ‘लाइट गेली की फोनच बंद पडतात’ अशी तक्रार सुरू होते. फोनचं नेटवर्क त्या सुरक्षेच्या वगळलेल्या यादीत टाका. दुसरा उपाय बीएलएफ लिस्टचा: सगळ्या एक्स्टेन्शनची मिळून एकच विनंती. पण मग सर्व्हरकडून येणारा निरोप मोठा होतो. आयपी फोन आणि सर्व्हर ज्या पद्धतीनं बोलतात त्या एसआयपीच्या २००२ च्या आरएफसी ३२६१ या मानकामध्ये मार्गाची मर्यादा ठाऊक नसताना १३०० बाइट्सपेक्षा मोठी विनंती यूडीपीऐवजी (त्यात निरोप पोचल्याची खातरजमा नसते) टीसीपीसारख्या खातरजमा करणाऱ्या मार्गानं पाठवायला सांगितलं आहे, ते याच कारणानं. यूडीपीवर असा निरोप तुकड्यांत जातो, वाटेतला राउटर एखादा तुकडा टाकून देतो, आणि काही दिवे तासन्‌तास लालच राहतात. थोडे दिवे नीट चालतात आणि यादी वाढवली की बिघडतात, असं दिसलं तर फोनची वाहतूक टीसीपीवर न्या आणि राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपीच्या निरोपांत फेरफार करणारी सोय) बंद करा.

बीएलएफ लिस्टमध्ये बटणांचा क्रम सर्व्हरवरच्या यादीनुसार लागतो, आणि फोन आधी स्वतःची मोकळी बटणं भरून मग मॉड्यूलकडे वळू शकतो. यादीत मध्येच एक नाव घातलं की पुढची सगळी एकेका घरानं सरकतात, म्हणून कागदी मॉड्यूलबरोबर बीएलएफ लिस्ट लावू नका. साखळीतलं पहिलं मॉड्यूल दुरुस्तीला काढलं तरी असाच गोंधळ होतो: दुसरं मॉड्यूल आता पहिलं ठरतं आणि पहिल्याची नावं दाखवू लागतं. बिघडलेलं मॉड्यूल पहिलं असेल तर ते परत येईपर्यंत मागच्या मॉड्यूलच्या बटणांची कॉन्फिग पहिल्या क्रमांकावर हलवून ठेवावी लागते, आणि हलवण्याआधी जुनी कॉन्फिग वेब पानावरून उतरवून घ्यावी लागते.