जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकली, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

लॅपटॉप 2015 चा, पाचव्या जनरेशनचा आय3, 4 जीबी रॅम, आणि आत 5400 आरपीएमची (मिनिटाला 5400 फेऱ्या मारणारी) 1 टीबी हार्ड डिस्क. गेली दोन वर्षं अशी अवस्था होती की सकाळी बटण दाबायचं, आंघोळ करून यायचं, तरी ब्राउझर उघडायला तयार नाही. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, टाकून दे आणि नवीन घे. मी पण जवळपास त्याच विचारात होते, पण एक दिवस टास्क मॅनेजर उघडून नुसती बघत बसले, प्रोसेसर 12-15 टक्के, आणि डिस्क सलग 100 टक्के. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय आणि डिस्क माहिती आणून देईपर्यंत वाट बघतोय. खरं तर निर्णय तिथेच झाला, लॅपटॉप टाकायचा नाही, डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवायची.

हे असं का होतं ते नीट समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच गोंधळाची उत्तरं मिळतात म्हणून थोडं सांगते. 5400 आरपीएम म्हणजे तबकडी सेकंदाला 90 फेऱ्या मारते, एक फेरी साधारण 11 मिलीसेकंद. हवा तो भाग हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धी फेरी, वर हेडला योग्य जागी सरकायला अजून 12 एक मिलीसेकंद. झाले 17-18. म्हणजे विखुरलेल्या लहान लहान फाइल वाचायच्या असतील तर सेकंदाला जेमतेम 55-60 वेळा वाचन होणार, आणि विंडोज चालू होताना नेमक्या अशाच हजारो फाइल लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही त्यामुळे हेच काम सेकंदाला हजारो वेळा होतं. म्हणून खोक्यावर सेकंदाला 550 एमबी लिहिलंय की 520 यात अडकू नका. लॅपटॉप त्याहून जुना, साटा 2 चा (डिस्क जोडायच्या साटा पद्धतीच्या जुन्या, हळू आवृत्तीचा) असेल आणि वेग 270-280 च्या आसपासच मिळणार असेल तरीही फरक जाणवतोच, कारण रोजच्या वापरात आपण ज्याची वाट बघतो ते हे लहान वाचन असतं, मोठ्या फाइलचा वेग नाही.

मी साधी 2.5 इंची साटा एसएसडी घेतली, 500 जीबी. आधी ठरवलं होतं की जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायची, तर ते 62 टक्क्यांवर अडकलं. दोनदा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर धोक्याचा पिवळा रंग, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) 40 च्या वर. तेव्हा पोटात गोळा आला, कारण वडिलांचे जुने फोटो त्याच डिस्कवर होते आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. क्लोनचा नाद सोडला, आधी फोटो बाहेर काढले, एकेक फोल्डर करत, एका फोल्डरला डिस्क टक्...टक्...टक् करायची आणि कॉपी थांबायची, मग परत चालू व्हायची. सगळे निघाले, तीन व्हिडिओ सोडून. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं आहे की वेग वाढवायचा असो वा नसो, डिस्क सात-आठ वर्षं जुनी असेल तर आजच तिची तब्येत बघा.

बसवायचं काम अर्ध्या तासाचं. बॅटरी काढली, मागचं झाकण, मग डिस्क ज्या पत्र्याच्या चौकटीत असते तिचे चार स्क्रू. त्यातल्या एकाचं डोकं गुळगुळीत झालेलं, स्क्रूड्रायव्हर नुसता फिरत होता, शेवटी रुंद रबरबँडचा तुकडा मध्ये धरून दाबून फिरवला तेव्हा सुटला. कनेक्टर सरळ ओढायचा, वाकडा नाही, तिथली पट्टी नाजूक असते.

विंडोज नव्याने टाकलं. पहिल्याच दिवशी बटण दाबल्यापासून ब्राउझर वापरता येईपर्यंत 28 सेकंद, आधी साडेचार ते पाच मिनिटं लागायची. आठ महिन्यांनी आज मोजलं तर 31. गरम कमी होतो, आवाज फक्त पंख्याचा, आणि बॅटरीत मात्र फार फरक नाही, असला तर दहा-पंधरा मिनिटांचा.

जे सुधारलं नाही तेही सांगायला हवं. व्हिडिओ एडिटिंग तेवढंच रडतखडत, ते प्रोसेसरचं काम आहे. 15-20 टॅब उघडले की 4 जीबी रॅम कमी पडायचीच, फक्त आधी लॅपटॉप गोठायचा आणि आता जरा अडखळायचा, तिसऱ्या महिन्यात अजून 4 जीबी टाकली तेव्हा ते थांबलं. आणि एकदम 40 जीबी कॉपी करायला घेतले की सुरुवातीला वेग छान, मग कॅश (एसएसडीतला वेगवान भाग) भरली की सेकंदाला 80-90 एमबीवर येतो. स्वस्तातल्या एसएसडीत हे होतंच, मला महिन्यातून एकदा लागतं म्हणून चालून जातं.

टिकेल का ही भीती मला पण होती. आठ महिन्यांत एकूण लिखाण 3 टीबी झालंय, हमी 180 टीबीची आहे, हेल्थ 99 टक्के. डीफ्रॅगच्या (फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायच्या) फंदात पडू नका, ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी सोय) चालू आहे का एवढं बघा, आणि थोडी जागा रिकामी ठेवा.

एक गोष्ट मी उशिरा लक्षात घेतली. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे माझा बसत नाही. मग मी लिनक्स मिंट टाकलं, विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, ब्राउझर आणि ऑफिसच्या फाइल एवढंच काम असल्यामुळे अडलं नाही. तुमचं काम विंडोजच्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर आधी याचा विचार करा, डिस्क नंतर. आणि विकत घेण्याआधी झाकण उघडून बघाच, काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, काहींत एम.2 ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा असते पण ती फक्त साटावाली, तिथे एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) चालत नाही.

जुनी डिस्क मी फेकली नाही, पण तिच्यावर आता काहीही ठेवत नाही. त्या तीन व्हिडिओंसाठी अधूनमधून ती बाहेरून जोडायच्या केसिंगमध्ये घालून प्रयत्न करते, मागच्या रविवारी त्यातला एक निघाला.