मोल्डिंगवाल्या भिंतीचा रंग आणि दोनदा दिलेले पैसे : पेंटिंग सर्व्हिसचा रिव्ह्यू (५ पैकी अडीच स्टार)

सर्व्हिसचं नाव लिहीत नाहीये, कारण अर्धी तक्रार त्यांनी मिटवली आणि उरलेल्या अर्ध्यासाठी भांडायचा मला कंटाळा आलाय. पण ज्यांच्याकडे भिंतीवर मोल्डिंगच्या, म्हणजे चौकटीसारख्या उठावदार, पट्ट्या मारून झाल्यात आणि आता रंग कुठला द्यायचा म्हणून फोनवर फोटो बघत बसलेत त्यांनी हे वाचाच.

आमचा सिंहगड रोडचा टू बीएचके, हॉल पश्चिमेकडे तोंड असलेला, छत जेमतेम नऊ फूट. सोफ्याच्या मागच्या भिंतीवर सुतारदादांनी पीयूच्या (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) पट्टीचे तीन चौकोन करून दिले, मधला मोठा, बाजूचे दोन अरुंद. काम एकदम लेव्हलमधे, त्याबद्दल शब्द नाही. मग आम्ही हौसेने पेंटिंग सर्व्हिस बुक केली, त्यात कलर कन्सल्टेशन फुकट होतं. एक मुलगा टॅबलेट घेऊन आला, भिंतीचा फोटो काढला, बोटाने दोनदा टकटक केलं आणि स्क्रीनवर आमची भिंत गडद मोरपंखी झाली, पट्ट्या पांढऱ्याशुभ्र. म्हणे मॅडम सध्या हेच चाललंय. फोटोत इतकं भारी दिसलं की मी आणि नवरा दोघंही एका मिनिटात हो म्हणालो, एरवी भाजी ठरवायला आम्हाला अर्धा तास लागतो.

भिंत झाली. सासूबाई गावाहून आल्या, चपला काढता काढता दारातूनच म्हणाल्या, "अगं हे काय, तीन कॅरम बोर्ड टांगलेत का?" आणि झालं, त्यानंतर मला दुसरं काही दिसेचना.

मग शांतपणे विचार केल्यावर कळलं की गडबड कुठे झाली. ज्या फोटोंवरून हे सगळं उचललं जातं ती जुनी युरोपियन घरं असतात, छत बारा-बारा फूट, आणि तिथे दरवाजा पांढरा, खिडकीची चौकट पांढरी, खालची स्कर्टिंग लाकडी आणि तीही पांढरी, वर छताजवळची पट्टीपण पांढरी, म्हणून मधली पट्टी पांढरी असली तर ती त्या सगळ्याच्या घरातलीच वाटते. आमच्याकडे दरवाजाला सागवानी लॅमिनेट, स्कर्टिंग म्हणजे फरशीचीच बिस्किट रंगाची टाइल, खिडकी काळ्या अ‍ॅल्युमिनियमची. त्यात पांढरी पट्टी एकटीच, कुणाशी नातं नाही गोतं नाही. हे त्या टॅबलेटवाल्याने बघायला हवं होतं ना? त्याने दरवाजाकडे मानसुद्धा वळवली नाही.

दुसरं म्हणजे दोन रंग म्हटले की कटिंग आलं, म्हणजे दोन रंगांमधली कड सरळ काढणं. मी नंतर टेपने मोजलं, आमच्या तीन चौकोनांची पट्टी ५६ फूट, आतली बाहेरची कड धरली तर ११२ फुटांची सरळ रेघ पेंटरला हाताने सांभाळायची. मास्किंग टेप लावली होती त्यांनी, पण काढली दुसऱ्या दिवशी रंग पूर्ण वाळल्यावर, त्यामुळे जागोजागी रंगाची साल टेपबरोबर निघून आली. शिवाय काही ठिकाणी हिरवा रंग पांढऱ्यात झिरपलेला. टेप रंग थोडा ओला असतानाच हळू काढायची असते, हे मला आता माहितीये, त्यांना आधीच माहिती असायला हवं होतं. आणि कोपऱ्यातले तिरके जोड! तिथे साधी पुट्टी भरलेली, ती कडक, जरा हललं की तडा. तीन आठवड्यांत बाराच्या बारा कोपऱ्यांत केसाएवढी काळी रेघ, पांढऱ्यावर तर ती लांबूनही दिसते.

तक्रार केली, चौथ्या दिवशी सुपरवायझर आले (हा एक स्टार त्यांचा, माणूस नीट बोलला, मॅडम चुकलंय म्हणाला). जोड खरवडून अ‍ॅक्रिलिक गॅप फिलर भरून दिला, त्याला थोडी लवचीकता असते, चार महिने झाले अजून तडा नाही. पैसे नाही घेतले. पण रंग बदलायचा तर पूर्ण रेटने नवीन बिल, कारण शेड तुम्हीच अप्रूव्ह केली होती. टॅबलेटवर मी सही केलेली, काय बोलणार.

मग गेले आमच्या कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात. दुकानातल्या काकांनी शेड कार्ड काढलंच नाही, पहिलं विचारलं, "ताई, पट्टीचा तुकडा उरलाय का घरी?" होता, पोटमाळ्यावर. म्हणाले त्याचा छोटा चौकोन करून प्लायवर चिकटवा, त्यावर रंग लावून बघा, शेड कार्डच्या चौकटीत उंचवटा कुठे असतो? २०० मिलीचे तीन सॅम्पलर दिले. मग तो दोन बाय दोनचा प्लाय मी तीन दिवस घरभर नाचवला. सकाळी छान दिसणारा बेज संध्याकाळी पाचला पश्चिमेचं ऊन आलं की चक्क भोपळ्याच्या घाऱ्यासारखा दिसायला लागला. ग्रे घेतला तर रात्री पांढऱ्या ट्यूबखाली दवाखाना. उरला तो मळकट हिरवट, वाळलेल्या कढीपत्त्याचा थोडा फिका भाऊ म्हणा, तो तिन्ही वेळा शहाण्यासारखा वागला.

काकांचं म्हणणं, पट्टी आणि भिंत दोन्हीला एकच शेड द्या, फक्त भिंतीला मॅट (बिनचमकेचा) आणि पट्टीला सॉफ्ट शीन (किंचित चमकणारा). मला आधी वाटलं मग पट्टीला एवढा खर्च केला तो दिसणार कसा. पण पट्टी दिसते ती तिच्या सावलीने. गडद मोरपंखीत ती सावली बुडूनच गेली होती, म्हणून पांढरा फासावा लागला. मध्यम फिकट रंगावर खिडकीतून आडवा उजेड आला की पट्टीच्या एका कडेला बारीक चकाकी आणि दुसऱ्या कडेला सावली, आणि दुपारी चारच्या सुमारास तर भिंत कोरल्यासारखी दिसते. शीनमुळे पट्टी ओल्या फडक्याने पुसतापण येते, तेही गरजेचं कारण वरच्या कडेवर आठवड्यात बोटभर धूळ, पुणं आहे.

(आणि तुमची पट्टी थर्माकोलची असेल तर ऑइल पेंट लावू देऊ नका, थिनरने ती विरघळते. वॉटरबेसच लावा.)

दुसऱ्यांदा रंग द्यायला काकांच्या ओळखीचे पेंटर आले. गडदावर फिका द्यायचा म्हणून आधी प्रायमर मारला, मग दोन हात. पट्टीच्या खाचेत रंग साचून मेणबत्तीसारखे ओघळ होतात ते कोरड्या ब्रशने लगेच ओढून घेत होते, मी चहा घेऊन शेजारी उभी राहून बघितलं.

सर्व्हिसला अडीच स्टार : माणसं वेळेवर, फर्निचर झाकलं नीट, जाताना झाडू मारून गेले, पण रंग सुचवणं शून्य. दुकानाला मी पाच देईन, तीन सॅम्पलर विकून माणसाने मला मोठ्या चुकीतून वाचवलं. सासूबाई दिवाळीला येऊन गेल्या, भिंतीकडे बघून काहीच बोलल्या नाहीत, आमच्याकडे हे कौतुकच. शेडचा कोड पोटमाळ्याच्या दाराच्या आतून स्केचपेनने लिहून ठेवलाय आणि तो रंगवलेला प्लाय सध्या वरच्या मजल्यावरच्या ताई घेऊन गेल्यात, त्यांच्याकडेही सुतार येऊन गेला.