रिअॅक्टर सिम्युलेशन: अॅनालॉग बोर्ड बनवायचा की पायथनमध्येच करायचं?

फायनल इयरला रिअॅक्टर कंट्रोलचा प्रोजेक्ट घेतलाय आणि आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन ऑप-अॅम्प (अॅम्प्लिफायर चिप) आणून समीकरणं व्होल्टेजवर सोडवणारा अॅनालॉग बोर्ड बनवायचा की गपचूप लॅपटॉप उघडायचा असा घोळ चाललाय? मग आधी हे ठरवा, तुम्हाला स्वतःला कंट्रोल शिकायचाय की ऑपरेटरला ट्रेनिंग देण्यासारखं काही बनवायचंय, कारण दोन्हीची उत्तरं उलटी येतात.

शिकायचं असेल तर माझं मत अॅनालॉगला. युरेनियम-२३५ च्या फिशनमधून (अणुकेंद्र फुटण्यातून) येणाऱ्या न्यूट्रॉनपैकी जेमतेम ०.६५ टक्के उशिरा येतात, आणि त्यांच्या जिवावरच न्यूट्रॉन शोषणारे रॉड हलवून रिअॅक्टर सांभाळता येतो, बाकीच्यांचा कारभार साध्या पाण्याच्या रिअॅक्टरमध्ये मायक्रोसेकंदात उरकतो. आता एकाच सिस्टिममध्ये इतकं वेगवान आणि इतकं संथ एकत्र आलं की कोडमध्ये साधी ऑयलर मेथड (वेळेच्या ठराविक स्टेप घेत समीकरण सोडवणारी) मोठ्या स्टेपला उधळते आणि लहान स्टेपला रांगत बसते (अशा समीकरणांसाठीच्या बीडीएफ किंवा राडाउ मेथड वापरा, सुटतं, पण हे कळेपर्यंत पोरांची रात्र जाते). ऑप-अॅम्पला कपॅसिटर लावला की तो सरळ इंटिग्रेट करतो, तिथे टाइम स्टेप ही भानगडच नाही.

उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनचे सहा गट धरतात, त्या सहा डिलेड ग्रुपचे सहा इंटिग्रेटर (कपॅसिटर लावलेले ऑप-अॅम्प) आणि पॉवरचा एक, पण सुरुवातीला सहाचा एकच ग्रुप केला तरी चालतं. रिअॅक्टिव्हिटीचा (साखळी प्रक्रिया समतोलापासून किती ढळली त्याचा) पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर, फिरवला की ऑसिलोस्कोपवर पॉवर टुणकन उडी मारते आणि मग सावकाश चढत जाते. फीडबॅक (तापमान वाढल्याचा रिअॅक्टिव्हिटीवर होणारा उलटा परिणाम) न लावता ०.१ टक्का रिअॅक्टिव्हिटी दिली तर उडी साधारण १८ टक्क्यांची यायला हवी, नाही आली तर वायरिंग तपासा. खरा पीआयडी कंट्रोलरही (चूक मोजून आपोआप दुरुस्ती करणारा) थेट जोडता येतो. आयोडीनपासून बनणारा, न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन बघायचा असेल तर आयोडीन-१३५ ची हाफ-लाइफ ६.६ तास आणि झेनॉन-१३५ ची ९.१, एवढा वेळ कोण थांबणार, रेझिस्टर-कपॅसिटर बदलून तास मिनिटांवर आणायचे, झालं.

त्रासही आहेच. सगळं १० व्होल्टच्या आत बसवायचं, त्यामुळे स्टार्टअपपासून फुल पॉवरपर्यंतचा प्रवास एका स्केलवर मावत नाही. दोन सिग्नलांचा गुणाकार करणारी मल्टिप्लायर चिप महाग पडते. आणि आपल्या पावसाळ्यात दमट हवेने बोर्डवर लीकेज वाढलं की स्लो इंटिग्रेटर आपोआप सरकत राहतो, तेव्हा चांगले फिल्म कपॅसिटर घ्या आणि बोर्ड स्वच्छ ठेवा.

ऑपरेटर ट्रेनिंगला मात्र डिजिटलच, तिथे वादच नको. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, पण पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत आहे ते नाही, तर बंद व्हायचा सिग्नल गेला की नाही एवढंच दाखवत होता, त्यात प्रेशरायझरमधली (दाब राखणाऱ्या टाकीतली) पाण्याची पातळी वर दिसल्यामुळे ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं. असा प्रसंग उभा करायचा तर वाफ-पाणी मिसळलेला प्रवाह, शेकडो व्हॉल्व्ह, खोटं बोलणारे दिवे, सगळं लागतं, शिवाय मधेच थांबवून दहा मिनिटं मागे नेऊन पुन्हा चालवायची सोय हवी. अॅनालॉगमध्ये होल्ड करता येतं, मागे जाता येत नाही.

बोर्डच बनवायचं ठरलं तरी आधी एक संध्याकाळ पायथनवर घालवा, कारण कुठला सिग्नल किती वर जाणार हे माहीत नसेल तर स्केलिंग कशाच्या आधारावर करणार?